शामारेलचा ओळखीचा कातळ

मॉरिशसच्या ‘साउथ टूर’मध्ये शामारेलचा धबधबा घाईघाईत उरकला जातो. गाइड उंची सांगतो, सुमारे १०० मीटर. कठड्याशी फोटो होतात आणि ‘चला, आता सात रंगांची माती’ म्हणत सगळे गाडीत. मला याचं फार वाईट वाटतं. या कड्याशी मराठी माणसाचं खास नातं आहे आणि नेमकं तेच त्याला कुणी सांगत नाही.

कड्यात काळ्या दगडाचे थर दिसतात. तो बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. आज रियुनियन बेट आहे तिथे पृथ्वीच्या पोटात एक तप्त स्रोत आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूभाग त्यावरून सरकत असताना अफाट लाव्हा बाहेर आला आणि आपलं दख्खनचं पठार घडलं, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारत उत्तरेला गेला, स्रोत धुमसतच राहिला. गेल्या कोटभर वर्षांत त्यातूनच मॉरिशस समुद्रावर आलं. रियुनियनवरचा ज्वालामुखी तर अजून जागा आहे. ठोसेघरचं पाणी ज्या कातळावरून कोसळतं, त्याचं हे धाकटं भावंड!

त्या रंगीत मातीचंही तसंच. उष्ण, पावसाळी हवेत बेसॉल्ट कुजतो, सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. रत्नागिरीचा जांभाही असाच तयार होतो. आणि १८३४ नंतर मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरीकडची माणसं होती. त्यांच्या वंशजांची मुलं आज तिथल्या शाळेत मराठी शिकतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. हे सगळं त्या कठड्यापाशी सांगायला अर्धा तास पुरे.

गाइडने समोरचं रानही दाखवायला हवं. ते हिरवं दिसतं, पण त्यात बाहेरून आणलेला लाल रानपेरू माजला आहे. चांगलं मूळ जंगल बेटावर २ टक्क्यांहूनही कमी उरलंय. हे कळलं की तोच देखावा वेगळा दिसू लागतो.

म्हणून बुकिंग करतानाच कंपनीला विचारा: शामारेलला किती वेळ देणार आणि सोबत गाइड कोण? बेटावरचा, दगड-झाडं ओळखणारा माणूस मागा. जमलं तर खरेदीचा अर्धा दिवस काढून टाका आणि ऑन्रिएता गावातून स्थानिक वाटाड्याबरोबर तामारिनच्या धबधब्यांकडे पायी उतरा. तिथे पाणी एकामागून एक टप्प्यांनी पडतं आणि कातळाला हात लावता येतो. मात्र जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. वाटाडा नको म्हणाला, तर उतरू नका.