उत्तर सांपडलें, पुरावा कोठें आहे?

शाळेंत इंटरनेट आलें, आतां ग्रंथालयाचें व ग्रंथपालाचें काय काम, असा प्रश्न हल्लीं पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासानें विचारतात. कोश फुकट वाचावयास मिळतात, दुर्मिळ ग्रंथ घरबसल्या पाहतां येतात. मग कपाटें आणि पगार यांवर पैसा कां घालवावा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. यांतील पहिलीं दोन विधानें अगदीं खरीं आहेत. त्यांवरून काढलेलें अनुमान मात्र साफ चुकीचें आहे.

साधनें दारांत येऊन उभीं आहेत, हें कोण नाकारील? मराठी विश्वकोश सातारा जिल्ह्यांतच, वाईस तयार झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. आज तो कोश कोणत्याही खेड्यांतील मुलास इंटरनेटवर उघडतां येतो. केतकरांचा ज्ञानकोश, मोल्सवर्थचा शब्दकोश, १८८५ सालचें सातारा जिल्ह्याचें गॅझेटियर हींही तशींच उपलब्ध आहेत.

परंतु एक साधें उदाहरण घ्या. क्रांतिसिंह नाना पाटील यांचें गांव येडेमच्छिंद्र सांगली जिल्ह्यांत आहे, असें मोबाईल क्षणार्धांत सांगतो. आणि त्यांचें प्रतिसरकार सातारचें, असेंही तोच सांगतो. मुलगा दोन्ही वाक्यें वहींत उतरवितो, गुण मिळतात, विषय संपतो. यांत कांहीं विसंगति दिसते, हें त्याच्या लक्षांत कोणी आणून द्यावयाचें? १८८५ च्या गॅझेटियरांत त्यानें सांगली जिल्हा शोधला तर तो सांपडणारच नाहीं. कारण सांगली हें तेव्हां पटवर्धनांचें संस्थान होतें आणि वाळवा, तासगांव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यांत होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. एवढें कळलें म्हणजे कोडें सुटतें. पण तें सुटण्यापूर्वीं पडावें लागतें! त्यासाठीं शेजारीं बसून ‘हें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, कशावरून लिहिलें’ असें विचारणारा मनुष्य लागतो. तो मनुष्य म्हणजेच ग्रंथपाल.

ही शिस्त आम्हांस परकी नाहीं. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलांत शिक्षक होते. पटवर्धनी दप्तरांतील पत्रें लावून त्यांनीं १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तो वाईस मिळालेल्या कागदांच्या आधारें. कागदाशिवाय बोलूं नये हा धडा ज्या प्रांतांतून महाराष्ट्रास मिळाला, त्याच प्रांतांतील मुलें आज कोणी तरी पुढें ढकललेल्या निनांवी संदेशावरून इतिहास शिकतात, आणि मोठीं माणसें त्यावरून भांडतात, याहून लाजिरवाणी गोष्ट ती कोणती?

मोबाईलचा विटाळ मानणाऱ्यांचाही पक्ष आम्हांस मान्य नाहीं. खऱ्यांचा जो खंड शाळेच्या कपाटांत नाहीं तो पडद्यावर वाचावा; मूळ कागद मोडींत असला तरी छापील प्रत बाळबोधींत आहे. खेड्यांतील शाळेस हें परवडेल काय, अशी शंका कोणी घेतील. साधनें फुकट आहेत. खर्च आहे तो आठवड्यांतील एका तासाचा, आणि ग्रंथपालास कारकुनी कामांतून मोकळें ठेवण्याचा. महिन्यास एकच प्रश्न द्यावा, त्याचीं उत्तरें दोन ठिकाणांहून आणावयास सांगावीं, आणि तीं कोठें जुळत नाहींत व कां, एवढेंच लिहून घ्यावें.

पालकांनींही मुलाची वही पाहतांना उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें विचारण्याआधीं, तें कोठून आणलेंस, हें विचारावें. ज्या घरांत हा प्रश्न विचारला जात नाहीं, त्या घरांतील मुलास विश्वकोश आणि अफवा एकाच किंमतीस मिळतात, व तो सोपी असेल ती उचलतो.