वेल्डिंगच्या पोटातली विहीर

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग सोडून थोडी पुढे गेली की भिलाई पावर हाउस हे स्टेशन लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. आगगाडीचे रूळ ही इथली खासियत. १३० मीटरचे दोन रूळ वेल्ड करून २६० मीटरचा एक सलग रूळ तयार होतो.

‘वेल्ड’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की ‘वितळजोड’ हा त्याचा मराठी प्रतिशब्द पुस्तकातच राहिला. गेटची कडी तुटली तर कोणीही ‘वेल्डिंग मारून घे’ असेच सांगतो. पण हा शब्द इंग्रजीत तरी आला कुठून?

त्याचे मूळ चक्क विहिरीत आहे! इंग्रजीत विहिरीला ‘वेल’ म्हणतात. याच शब्दाचे क्रियापद उसळणे, उकळणे या अर्थाने वापरले जाई. लोहार दोन लोखंडे पांढरीफटक होईपर्यंत तापवी, तेव्हा त्यांचा पृष्ठभाग उकळल्यासारखा दिसे. त्याच क्षणी घणाचे घाव घातले की दोन्हींचा जीव एक होई. म्हणून लोहारांच्या तोंडी ‘वेल’ म्हणजे सांधणे झाले. त्याच्या भूतकाळी रूपातला ‘ड’ पुढे शब्दालाच चिकटला असावा आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘वेल्ड’ रूढ झाला. स्वीडिश भाषेत तर उसळणे आणि वेल्ड करणे या दोन्हींना आजही एकच क्रियापद आहे. (वेल्ड नावाची पिवळा रंग देणारी एक वनस्पतीही आहे, तिचा इथे काही संबंध नाही.)

सोनाराचा डाख वेगळा. त्यात तिसराच धातू मध्ये पडून दोघांना धरून ठेवतो. वेल्डिंगमध्ये मूळ धातूच एकमेकांत मिसळतात.

रुळांच्या बाबतीत हा फरक जिवावरचा आहे. पूर्वी दोन रुळांत फट ठेवून फिशप्लेटने ते जोडत. डब्यातला तो खडाक्‌-खट्‌ आवाज त्या फटींचाच. सलग रुळात फटच नाही; त्यामुळे थंडीत पोलाद आकसू पाहते आणि सारा ताण सांध्यांवर येतो. कच्चा सांधा अशा वेळी तुटू शकतो. म्हणून सांधे ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासतात. तरीही कडाक्याच्या थंडीत, प्रवासी डब्यात झोपलेले असताना, रेल्वेचा गस्तवाला हातात दिवा घेऊन रूळ न्याहाळत मैलोन्‌मैल चालत असतो.