रिपोर्टची वाट कशाला पाहता?

शहापूर-मुरबाडात पावसाळ्यात कुणी तापाने पडले की ठरलेले बोलणे कानावर येते : 'दोन सलाईन लावा, उतरेल. स्वाइन फ्लू असलाच तर रिपोर्ट येऊ दे, मग बघू.'

सलाईनने इन्फ्लूएन्झाचा विषाणू मरत नाही आणि अँटिबायोटिकच्या इंजेक्शनानेही नाही. (सुई टोचल्याशिवाय औषधपाणी झाल्यासारखे वाटत नाही, हा आपला जुना हट्ट.) त्यावरचे औषध ओसेल्टामिविर; पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर त्याचा गुण सर्वांत चांगला. रुग्ण उशिरा दाखल झाला तरी ते द्यावेच.

हा शहरी आजार, असाही एक दिलासा असतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, हे खरे. पण १९१८ ची इन्फ्लूएन्झाची साथ जूनमध्ये मुंबईत दिसली आणि पावसाळा सरता सरता खेड्यापाड्यांत शिरली. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे दगावली, त्यांत तरणीताठी फार. आज तर आसनगाव-वासिंदचा चाकरमानी रोज लोकलच्या गर्दीतून घरी येतो.

मग तापाच्या प्रत्येकाला गोळ्या द्यायच्या? मुळीच नाही. बहुतेक जण घरीच आठवड्याभरात बरे होतात. पण गरोदर बाई, पाच वर्षांखालचे मूल, म्हातारे माणूस, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेला रुग्ण यांची गोष्ट वेगळी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशांना तपासणीविना औषध सुरू करता येते.

फसगत होते ती इथेच. सातवा महिना लागलेली बाई गुडघाभर चिखलात आवणीला उभी असते. अंग दुखले तर तो कामाचा शीण, धाप लागली तर 'पोट वाढलंय ना!' म्हाताऱ्यांना तर कधीकधी ताप येतच नाही. जेवण सुटते, बोलणे असंबद्ध होते, आणि घरचे वयाला दोष देतात. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला, छातीत दुखू लागले, ओठ-नखे निळसर झाली, थुंकीत रक्त दिसले किंवा सारखी गुंगी येऊ लागली, तर रिपोर्टचा प्रश्नच उरत नाही. १०८ ला फोन करा आणि उपजिल्हा रुग्णालय गाठा. सकाळ होण्याची वाट पाहू नका.