संगणक घेताना त्याचा कारभारी कोण, ते विचारा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो. मुलाला किंवा मुलीला संगणक घ्यायचा असतो. कोणी पतपेढीचे कर्ज काढतो, कोणी भिशी उचलतो, कोणी बोनसची वाट पाहतो. पैसा जमला की सारे घर दुकानात जाते. तेथे पडदा किती इंची, रंग कोणता, बॅग फुकट मिळते का, एवढी चौकशी होते. पण त्या यंत्राचा कारभार जी व्यवस्था आतून चालवते ती कोणती, तिचे पैसे आपण भरले की नाही, आणि ती किती वर्षे साथ देणार, हे तीन प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. कुटुंबाची दोन-तीन वर्षांची बचत ज्या खरेदीत जाते, तिचा निम्मा भाग असा न विचारता घरी येतो. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

यंत्र आणि त्याचा कारभारी

कचेरीत साहेब असतो, टंकलेखक असतो, शिपाई असतो. पण कोणती फाइल कोणाच्या टेबलावर जायची, हे हेडक्लार्क पाहतो. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. तुम्ही कळ दाबली, अक्षर उमटले, कागद छापला गेला, या प्रत्येक गोष्टीमागे तीच असते. मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्वांना ठाऊक आहे. अॅपल कंपनीच्या संगणकात तिची स्वतःची मॅक ओएस असते. तिसरी लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला, जगभरच्या माणसांनी ती वाढवली. ती उतरवून घेण्यास, वापरण्यास व दुसऱ्यास देण्यास मोकळीक आहे.

म्हणजे यंत्र एक, कारभारी निवडण्यास वाव आहे. मग दुकानात निवड का दिसत नाही?

त्याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी असे करार केले होते की, जितकी यंत्रे बाहेर पडतील तितक्यांचे पैसे मायक्रोसॉफ्टला द्यायचे, मग यंत्रात तिची सिस्टिम असो वा नसो. ज्याने ती मागितली नाही त्याच्याही खिशातून पैसा जात होता. तेथील न्याय विभागाने हरकत घेतली आणि १९९४ साली कंपनीने हे करार बंद करण्याचे मान्य केले. पुढे १९९८ मध्ये मक्तेदारीचा मोठा खटला उभा राहिला, तो २००१ मध्ये तडजोडीने मिटत आला. युरोपीय आयोगाने २००४ साली याच कंपनीला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला.

ग्राहकही स्वस्थ बसले नाहीत. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निर्णय दिला की, ज्याला यंत्रासोबत आलेली विंडोज नको असेल त्याला तिचे पैसे परत मागता येतात. उलट, फ्रान्समधील एका ग्राहकाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१६ साली म्हटले की, सिस्टिम आधीच घालून संगणक विकणे ही गोष्ट आपोआप अनुचित ठरत नाही. दोन्ही निर्णय ध्यानात ठेवावेत. कायदा आपल्यासाठी सर्व करून देईल असे नाही. मात्र विचारणारा ग्राहक असेल तरच प्रश्न न्यायालयापर्यंत जातो, एवढे यावरून दिसते.

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख

आता आपल्या घरापर्यंत आलेल्या गोष्टीकडे वळू. विंडोज १० ही सिस्टिम जुलै २०१५ मध्ये आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नियमित देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांसाठी आणखी एक वर्षाची सुरक्षा-दुरुस्ती देऊ केली, पण तिच्यासाठी नाव नोंदवण्याची अट घातली. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो. फक्त नवे भोक सापडले तर ते बुजवायला कोणी येत नाही.

याने काय बिघडते, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. वॉनाक्राय नावाच्या विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणक कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील कामे अडली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्या यंत्रांत ती बसवली गेली नव्हती, ती सापडली. आज ज्या संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, जातीच्या दाखल्याची प्रत ठेवतो, तो असा उघडा ठेवणे योग्य नव्हे.

यावर 'विंडोज ११ घाला' असे उत्तर मिळते. पण ती घेण्यास यंत्र पात्र असावे लागते. ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेने मागे पडली. कचेऱ्यांनी ती मोडीत काढली आणि ती जुन्या मालाच्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत जुने लॅपटॉप स्वस्तात मिळतात, आणि आपला माणूस मुख्यतः तेथेच जातो.

आमच्या वस्तीतील एका भगिनीने अकरावी कॉमर्सला गेलेल्या मुलीसाठी असाच एक लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोज ११ आहे, ऑफिस आहे, सगळे टाकून दिले आहे. काही बघायला नको." पक्के बिल नाही, एका चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. यंत्र सहाव्या पिढीचे होते. अपात्र यंत्रात विंडोज ११ आडमार्गाने घातलेली होती. अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ऑफिसही चोरटे निघाले. चिठ्ठी घेऊन गेल्यावर दुकानदाराने हात वर केले. पतपेढीचे हप्ते मात्र चालू आहेत.

चोरटी प्रत फुकट नसते

येथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. 'टाकून देतो' हा शब्द आपल्याला गोड वाटतो. न दिलेले घेऊ नये, हे शील आपण विहारात दर पौर्णिमेला म्हणतो आणि सोमवारी चोरटी विंडोज विनातक्रार वापरतो. कायद्याची बाजूही आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे संगणकाच्या प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. शिवाय कुलूप तोडण्यासाठी जो प्रोग्राम घालतात, तो बहुधा आधी विषाणूरोधक यंत्रणा बंद करायला लावतो. त्यासोबत आणखी काय आत आले, ते ना दुकानदाराला कळते, ना आपल्याला.

प्रामाणिक वाट नाही, म्हणून चोरी करावी लागते, असेही नाही. उबुंटू, लिनक्स मिंट या लिनक्सच्या आवृत्त्या विनामूल्य आहेत. सी-डॅकने २००७ साली बॉस नावाची भारतीय आवृत्ती काढली. केरळच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. २०१९ मध्ये तेथील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी नवी आवृत्ती देण्यात आली. लिब्रे ऑफिस हा लेखन व हिशेबाचा संच विनामूल्य आहे आणि तो विंडोजवरही चालतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, यंत्रात न बसवता, आधी पाहताही येते. मराठी युनिकोड टंकलेखन तीत होते. ऑनलाइन अर्ज ब्राऊझरमध्ये भरायचे असल्याने बहुतेक अडत नाहीत.

तथापि एकच बाजू सांगणे बरे नव्हे. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठी आहे. काही छपाई यंत्रे आणि डिजिटल सहीच्या किल्ल्या लिनक्सवर त्रास देतात. ज्याला टॅलीवर नोकरी शोधायची आहे त्याने विंडोज घ्यावी, पण पैसे भरून व विचारून घ्यावी. ज्याला वाचन, लेखन, व्हिडिओ वर्ग आणि अर्ज एवढेच करायचे आहे, त्याने जुने यंत्र फेकण्यापूर्वी लिनक्सचा विचार करावा.

थोडा कारकुनी हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. जुने यंत्र १६ हजारांस घेतले आणि दोन वर्षांत बदलावे लागले, तर वर्षाचा खर्च ८ हजार. नवे ३६ हजारांस घेतले आणि सहा वर्षे चालले, तर वर्षाला ६ हजार. घरातील जुन्याच यंत्रात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी व थोडी मेमरी घालून ५ हजार खर्चले, लिनक्स घातली आणि ते तीन वर्षे चालले, तर वर्षाला सतराशेच्या आत. स्वस्त काय, हे किमतीवरून ठरत नाही. ते किती वर्षांवर भागले जाते, यावरून ठरते.

टाकलेले यंत्र जाते कोठे?

ग्राहकाला हक्क आहेत तशी जबाबदारीही आहे. आपण भंगारात दिलेला संगणक हवेत विरत नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तो हातांनी फोडला जातो. तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या कणांसाठी पट्ट्या आम्लात बुडवतात. त्यातील शिसे, कॅडमियम, पारा त्या हातांत आणि फुप्फुसांत जातो. ते हात कोणाचे असतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गटारात उतरणारा माणूस आपल्याला दिसतो, हा दिसत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा मालाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून यंत्र खरोखर निकामी झाले असेल तर कंपनीच्या किंवा नोंदणीकृत संकलन केंद्रातच द्यावे. निकामी नसेल तर त्याला लिनक्स घालून अभ्यासिकेला द्यावे. देण्यापूर्वी त्यातील आपली कागदपत्रे कायमची पुसावीत.

दुकानात काय करावे?

१. जुन्या यंत्राच्या प्रोसेसरचा आकडा वाचा. आय-५ च्या पुढे ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०२१० असेल तर दहावी. 'विंडोज ११ आहे' या शब्दावर विसंबू नका.

२. सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशन उघडून पाहा. घरगुती यंत्रावर 'तुमच्या संस्थेच्या सेवेद्वारे सक्रिय' अशा अर्थाचा मजकूर दिसला तर संशय घ्या.

३. नवा लॅपटॉप घेताना तोच नमुना 'डॉस' किंवा लिनक्ससह मिळतो का, किमतीत फरक किती, हे विचारा. स्वस्त म्हणून तो घ्यायचा आणि वर चोरटी विंडोज घालायची, असे करू नका.

४. मेमरी व एसएसडी पुढे बदलता येते की पट्टीवर कायमची बसवलेली आहे, ते विचारा. यंत्राचे आयुष्य यावर ठरते.

५. पक्के बिल घ्या. त्यावर यंत्राचा क्रमांक, सिस्टिमचे नाव आणि परवाना दिला किंवा नाही, हे लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा आहे. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणे, यालाही त्या कायद्यात 'प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा' असे नाव आहे.

६. फसवणूक झाल्यास प्रथम दुकानदारास लेखी कळवा, पोच घ्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

वर सांगितलेल्या भगिनीजवळ पक्के बिल असते तर तिची तक्रार उभी राहण्यास चिठ्ठीपेक्षा कितीतरी बळकट आधार मिळाला असता. यंदा ज्यांच्या घरी संगणक यायचा आहे, त्यांनी एकट्याने दुकानात जाऊ नये. वस्तीत या विषयाची माहिती असलेला एखादा तरुण असतोच, त्याला सोबत न्यावे आणि हे कात्रण खिशात ठेवावे. दुकानदार चिडला तर चिडू द्यावा. पैसे आपले आहेत, कर्ज आपल्या नावावर आहे, आणि ते यंत्र आपल्या मुलांना वापरायचे आहे.