‘चालेल हळूहळू’ म्हणणाऱ्यांना

‘चालेल हळूहळू, याचा बापबी उशिराच चालला होता.’ बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय, घाटाखाली काय, मान न धरणाऱ्या लेकराच्या आईला हे ऐकावंच लागतं. यातलं सगळंच खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या निकषांत आधाराशिवाय चालण्याचं वय ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे. नुसता उशीर म्हणजे आजार नव्हे. पण चार महिने उलटूनही मान सावरत नसेल, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, वर्षाच्या आतच लेकरू एकच हात वापरत असेल नि दुसऱ्याची मूठ उघडत नसेल, तर बापाचा दाखला काय कामाचा? तिथे तपासणीच हवी, आणि लगेच.

दुसरा दावा मालिशीचा: ‘मालिश केली की चालेल.’ मालिशीने लेकराला बरं वाटतं, जरूर करावी. मात्र हालचाल शिकली जाते ती स्वतः करून. खेळणं हाताच्या जरा पलीकडे ठेवायचं, पाटावर बसवून पाय जमिनीला टेकवायचे, त्याला स्वतःला उठू द्यायचं, आणि हे रोज, कितीदा तरी. म्हणूनच उभं राहू लागलेल्या मुलाला जुना पांगुळगाडा बसायच्या वॉकरपेक्षा केव्हाही बरा. वॉकरमध्ये ते चवड्यांवर ढकलत सुटतं. पडून होणाऱ्या इजांमुळे कॅनडाने २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली.

वर सांगितलेल्या लक्षणांमागे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालीला येणारी अडचण, असू शकते. ती व्यायामाने नाहीशी होत नाही. तसं वचन देणाऱ्यापासून दूर राहावं. तरीही मूल नीट बसू शकणं, हाताने घास तोंडात घालणं, ही त्याच्यासाठी फार मोठी कमाई आहे.

तिसरा आक्षेप यंत्रणेचा: ‘पालकच येत नाहीत.’ हा मला अजिबात मान्य नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडी तपासायची नि गरजू मूल जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचं, अशी रचना आहे. रचना चांगलीच आहे. पण संग्रामपूरच्या शेतमजूर बाईने कपाशीची वेचणी सोडून, मजुरी बुडवून, लेकरू कडेवर घेऊन घाट चढत बुलढाण्याला किती खेपा घालायच्या?

फिजिओथेरपिस्टनेच तालुक्याला यावं. जळगाव जामोद, संग्रामपूर, लोणारच्या सरकारी दवाखान्यात त्याचा वार ठरलेला असावा. आंघोळ घालताना, भरवताना काय करायचं ते त्याने आईला शिकवावं, आशाताईने घरी जाऊन पाहावं. खर्चाची सबब इथे टिकत नाही: चटई, गुंडाळलेली गोधडी, पाट आणि खुळखुळा एवढं तर प्रत्येक घरात असतं.