इन्व्हर्टर घरात, अंधार गावात

उन्हाळा तोंडावर आला की विजेच्या उपकरणांच्या दुकानांपुढे इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचे फलक झळकू लागतात. वीज जाणारच, हे या जाहिरातींचे गृहीतकृत्य आहे. आणि ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने आपल्यापुरता प्रकाश विकत घ्यावा, हा त्यांचा उपदेश आहे. घरात आजारी माणूस किंवा परीक्षेला बसलेली मुले असलेल्या कुटुंबाने हा उपदेश मानला तर त्याला दोष देता येणार नाही. अंधारात बसून राहणे हा काही लढ्याचा मार्ग नव्हे. परंतु घराची सोय करणे ही एक गोष्ट आणि त्या सोयीलाच प्रश्नाचा निकाल समजणे ही दुसरी गोष्ट. हा भेद विसरला जावा, यातच सत्ताधारी वर्गाचे हित आहे.

सोय करावयाची तर ती डोळसपणे केली पाहिजे. इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही. तो सार्वजनिक तारेतूनच आलेली वीज साठवितो. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास वीज असते. पण बॅटरी तळापर्यंत रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते आणि रूपांतरातही वीज वाया जाते. म्हणून हिशेब हजार-अकराशे वॅट-तासांचाच धरावा. ७५ वॅटचे दोन जुने पंखे आणि ९ वॅटचे चार एलईडी दिवे यांना ती साडेपाच-सहा तास पुरेल. पंखे ३० वॅटच्या नव्या प्रकारचे असतील तर तीच बॅटरी दहा तासांहून अधिक चालेल. म्हणजे मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलणे शहाणपणाचे. ज्या घरात रुग्णाला प्राणवायू देणारे पाच लिटर क्षमतेचे यंत्र आहे, तेथे ते एकटेच तीनशे-साडेतीनशे वॅट खाते. त्या घराने बॅटरीच्या तीन तासांवर विसंबून न राहता भरलेला सिलिंडर जवळ ठेवलाच पाहिजे.

छतावरील सौर पॅनेलविषयीही असाच गैरसमज आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण बॅटरी नसलेला व तारेला जोडलेला संच वीज गेली की स्वतःच बंद पडतो, मग माथ्यावर ऊन कितीही असो. यात दोष नाही. खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव वाचावा म्हणूनच ही योजना केलेली असते.

हाच नियम जनरेटर लावणारे मात्र सर्रास मोडतात. घराची वायरिंग मुख्य तारेपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच न बसविता जनरेटर चालविला, तर वीज उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. घरातील २३० व्होल्टची वीज त्यातून ११,००० व्होल्टच्या वाहिनीवर चढते. वाहिनी बंद आहे या भरवशावर काम करणारा वायरमन त्या क्षणी मृत्यूच्या दाढेत असतो. हा वायरमन आज बहुधा कंत्राटी कामगार असतो. चेंजओव्हर स्विचचा खर्च वाचविणारा मनुष्य त्या कामगाराचा जीव पणाला लावीत असतो. बंद खोलीत वा जिन्याखाली जनरेटर ठेवणारा तर कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने स्वतःच्या कुटुंबालाच विष देतो.

बॅटरीची कहाणी ती निकामी झाल्यावरही संपत नाही. तिच्यात शिसे आणि आम्ल असते. भंगारवाल्यामार्फत ती वस्त्यांलगतच्या बेकायदा भट्ट्यांवर जाते. तेथे ती उघड्या हातांनी फोडली जाते आणि शिशाचा धूर व धूळ कामगारांच्या आणि त्यांच्या लेकरांच्या रक्तात उतरते. जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात धोकादायक प्रमाणात शिसे आहे, असे युनिसेफच्या २०२० च्या अहवालात म्हटले होते आणि बॅटऱ्यांच्या अनिर्बंध भट्ट्यांना त्याचे एक प्रमुख कारण ठरविले होते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकाने ती बॅटरी दुकानदारालाच परत दिली पाहिजे.

आता मूळ प्रश्न. बॅटरी घेते त्याहून कमी वीज परत देते. वीज परत येताच हजारो इन्व्हर्टर एकदम भरू लागतात आणि आधीच दमलेल्या ट्रान्सफॉर्मरवर अधिक भार टाकतात. ज्याच्या घरी बॅटरी नाही तोच या भाराची झळ सोसतो. आणि ज्याच्या घरी ती आहे, त्याला वीज गेल्याचे पुष्कळदा कळतही नाही. तक्रार करण्याची ताकद असलेला वर्ग असा रांगेतून बाहेर पडला की रांगेत उरतात ते झोपडपट्टीतील कामगार, पाण्यासाठी रात्रभर जागणारा शेतकरी आणि यंत्रमागावरील मजूर. त्यांचा आवाज दाबणे सरकारला सोपे जाते.

ही अवस्था नैसर्गिक आपत्तीने आलेली नाही. १९४८ च्या कायद्याने राज्यांत वीज मंडळे स्थापन झाली व त्यांनी खेड्यापाड्यांत तारा नेल्या. महाराष्ट्रात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या महागड्या विजेने मंडळाचे कंबरडे मोडले. २००१ साली तो प्रकल्प बंद पडला. २००३ चा कायदा आला आणि २००५ साली मंडळाचे तुकडे झाले. त्यानंतरच्या भारनियमनाच्या काळात मुंबई वगळली गेली आणि ग्रामीण भागाच्या वाट्याला दिवसाचे अनेक तास अंधार आला. घरगुती उपाय किती तोकडे असतात, हे ३० व ३१ जुलै २०१२ रोजी देशाने पाहिले. उत्तर व पूर्व भारताचे जाळे कोसळून साठ कोटींहून अधिक लोकांची वस्ती अंधारात गेली. रेल्वे थांबल्या, बंगालच्या कोळसा खाणींत कामगार अडकून पडले. त्या खाणीत कोणाच्या घरचा इन्व्हर्टर पोहोचणार होता?

मंडळांचा कारभार उर्मट व भ्रष्ट होता, असे खाजगीकरणाचे समर्थक सांगतात. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्यावरचा उपाय लोकांचे नियंत्रण हा आहे. ओडिशाने १९९९ साली वितरण खाजगी हाती दिले. महाचक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या मध्य भागातून अमेरिकन कंपनी २००१ साली निघून गेली. उरलेल्या भागांचे परवाने नियामक आयोगाला २०१५ साली रद्द करावे लागले. नफा नसेल तेथे भांडवल थांबत नाही, हाच याचा बोध. ४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील वीज कर्मचारी समांतर परवान्याविरुद्ध संपावर गेले, तेव्हा त्यांचा लढा केवळ स्वतःच्या नोकरीचा नव्हता, तो ग्राहकाचाही होता.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. वस्तीत वीज केव्हा गेली, किती वेळ गेली, याची तारीखवार नोंद ठेवली पाहिजे. केंद्राच्या २०२० च्या नियमांत चोवीस तास विजेचे वचन आणि ठरल्याहून अधिक काळ वीज गेल्यास भरपाईची तरतूद आहे. शेतीसारख्या वर्गाला कमी तास देण्याची पळवाटही तेथेच आहे. त्या वचनाची वसुली आणि त्या पळवाटेला विरोध या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात गेल्या पाहिजेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, नळयोजनेचा पंप आणि वस्तीतील अभ्यासिका येथे बॅटरी सार्वजनिक खर्चाने बसविण्याची मागणी त्यांच्या जोडीला हवी. घरातला दिवा जरूर पेटता ठेवावा. पण त्याच्या उजेडात बसून शेजारच्या अंधाराचा विसर पडू देऊ नये.