प्रश्न खरा असेल तरच शिक्षण खरे

शिंदखेडा तालुक्यातल्या एखाद्या मेडिकलवर एक आई हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल पुढे धरते आणि विचारते, “भाऊ, हाई गोयी कॅन्सरनी शे का?”

पुस्तक उघडले तर उत्तर ‘होय’ असेच निघते. पण तेवढेच सांगितले, तर घाबरून ती मुलाचे औषध बंद करील. खानदेशातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो आणि त्यात वेदनांचे झटके कमी व्हावेत म्हणून हेच औषध देतात. म्हणून आधी उलट विचारावे लागते. औषध कोणासाठी आहे? कोणत्या आजारासाठी? वय-वजन किती? रक्ताची शेवटची तपासणी कधी झाली? रुग्ण तरुण मुलगी असेल, तर गर्भधारणेविषयी कोणी सांगितले आहे का? विचारलेल्या प्रश्नाआडचा खरा प्रश्न हाती आला, की मगच संदर्भग्रंथ उघडायचा. औषधांविषयीच्या शंकांना उत्तरे देणाऱ्या औषध माहिती केंद्राचे सगळे शास्त्र या क्रमात आहे, आणि तो क्रम फळ्यावर लिहून अंगवळणी पडत नाही.

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६२ साली असे पहिले केंद्र सुरू झाले. आपल्याकडे २००८ मध्ये फार्म.डी. आली आणि अशा केंद्रांना अभ्यासक्रमात जागा मिळाली. मात्र त्या अभ्यासक्रमाला ३०० खाटांचे रुग्णालय लागते. साहजिकच केंद्रे मोठ्या रुग्णालयांच्या आधाराने उभी राहिली आणि प्रश्न मुख्यतः वॉर्डातल्या डॉक्टरांचे आले. दोंडाईचा, नरडाणा, शिंदखेड्याच्या काउंटरवर बहुधा डी.फार्म. झालेला माणूस उभा असतो. माहितीची निकड त्याला सर्वांत जास्त आहे, आणि शिकताना असे केंद्र पाहायला मिळण्याची संधी त्यालाच सर्वांत कमी.

महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचे माहिती केंद्र मुंबईत आहे. त्याचा उपयोग अवश्य करावा. पण त्याने इथल्या शिक्षणसंस्थांची जबाबदारी संपत नाही. तापी ओलांडली की शिरपूर. जळगाव, धुळ्यातही फार्मसीची महाविद्यालये आहेत. संलग्नता कोणाची, पदवी कोणाची, पदविका कोणाची हे बाजूला ठेवून या सर्वांनी मिळून एक केंद्र चालवावे, असे आम्हाला कळकळीने वाटते. फोन विद्यार्थ्याने घ्यावा, उत्तर प्राध्यापकाने तपासावे आणि मगच ते दुकानापर्यंत जावे. काही दिवसांनी त्याच दुकानात पुन्हा फोन करून रुग्णाचे पुढे काय झाले, तेही नोंदवावे. ही शेवटची पायरी हमखास गाळली जाते, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त तिथेच शिकतो. दुष्परिणामाची शंका असेल तर औषधदक्षता कार्यक्रमाचा अर्ज त्याच वेळी भरून घ्यावा.

इशारे पोहोचवण्याचे कामही अशा केंद्राचेच. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे सर्दीवरचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कळवले. असा आदेश तालुक्याच्या शेवटच्या दुकानात किती दिवसांत पोहोचतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः फिरून तपासावे. प्रकल्पासाठी याहून चांगला विषय नाही.

डी.फार्म.च्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाला ५०० तास असतात. संबंधित कौन्सिलची मान्यता घेऊन त्यांतले ५० तास माहिती केंद्रासाठी राखावेत, अशी प्राचार्यांना आमची विनंती आहे. दुकानदार बंधुभगिनींनीही फोन करताना संकोच करू नये. तुमचे प्रश्न आले नाहीत, तर हे केंद्र नुसती कपाटभर पुस्तके ठरेल.